मलपृष्ठ नसलेलं पुस्तक

सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय अक्षता,

पार्सल फोडलंस की आधी तुझा गोंधळ उडेल. सोबतच्या पुस्तकाला मुखपृष्ठं दोन आहेत आणि मलपृष्ठ नाही. डावीकडून उघडलंस तर मराठी कादंबरी, ‘दुमड’, लेखिका झीनत शेख. पालथं घालून उजवीकडून उघडलंस तर उर्दू, ‘तुरपाई’, लेखिका मदिनाबी बडेसाब शेख, म्हणजे आपली अम्मी. दोन्ही बाजू मध्ये एका कोऱ्या पानावर येऊन भेटतात. नव्या पेठेतल्या एका पुस्तकवाल्याने मला विचारलं, “मॅडम, ह्याची सुलटी बाजू कुठली?” मी म्हटलं, आपल्या चादरीची कुठली असते, दोन्ही बाजू सुलट्याच ना? त्याने लगेच प्रती ठेवून घेतल्या. सोलापुरात एवढं सांगितलं की पुरतं.

हो, शेवटी पुस्तक झालं. शाळेत तू माझे निबंध इतरांना वाचून दाखवायचीस आणि वर सांगायचीस की ही पुढे पुस्तक काढणार आहे. त्यानंतर माझं सगळं आयुष्य वर्तमानपत्राच्या पुरवण्या भरण्यात गेलं. संध्याकाळपर्यंत पान लागायचं असलं की मी काहीही वेळेत लिहून देत असे. स्वतःचं लिखाण मात्र संध्याकाळी कुणी मागायला येत नाही, म्हणून ते राहून गेलं. नोकरी सोडली आणि पहिल्याच आठवड्यात बसले. विषय शोधावा लागला नाही. अब्बा एमआयडीसीतून सायकलच्या कॅरियरला बांधून टॉवेलचे गठ्ठे आणायचे आणि अम्मी घरातल्या मशीनवर त्यांच्या कडा दुमडून शिवायची. त्या गठ्ठ्यांवर लोळून आपण दोघी मोठ्या झालो. कादंबरी त्याच खोलीत घडते.

पहिलं प्रकरण झालं तसं मी अम्मीला वाचून दाखवलं. तिने मान हलवत ऐकलं आणि म्हणाली, “अच्छा है. पर मैं कब पढूँगी?” ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मला अब्बांनी मराठी शाळेत घातलं, कारण कचेरीचे कागद मराठीत येतात. अम्मी उर्दू म्हटलं की भजी बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचते, पण मराठीत तिची मजल बसच्या पाटीपुढे जात नाही. आणि मला उर्दूत माझं नाव तेवढं ओळखता येतं. इतकी वर्षं पेपरात माझं नाव छापून यायचं. ती ते वाचत नसे, चित्र ओळखावं तसं बोट फिरवून शोधून काढायची आणि शेजारणींना दाखवायची. त्या दिवशी मी ठरवलं की हे पुस्तक निघेल ते अम्मीला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल असंच निघेल. नाहीतर निघणार नाही.

आधी एका जाणकारांकडून उर्दू अनुवादाची चार पानं करून घेतली. अम्मीने चष्मा लावून वाचली आणि कागद माझ्या मांडीवर टाकले. “ये तो लखनऊ की औरत हो गई. तौलिया सीते-सीते ‘तशरीफ रखिए’ कौन बोलती गे?” मग तीच बसली. रोज जेवणानंतर मी मराठी परिच्छेद वाचायचा, अडेल तिथे आपल्या घरच्या बोलीत सांगायचा, आणि तिने कागदावर उजवीकडून लिहीत जायचं. माझं वाचून संपायचं, चहा व्हायचा, कप विसळून व्हायचे, तरी तिचा हात चालूच. एकदा मी म्हटलं, अम्मी, एवढं तर मी वाचलंच नाही. मान वर न करता म्हणाली, “उर्दू में जगा जास्ती लगती, बेटा.” मी विश्वास ठेवला. पुरवणीची संपादक होते मी, अक्षता. दुसऱ्यांच्या मजकुरात एक ओळ वाढली तरी मला लांबून दिसायची.

पुण्याच्या एका प्रकाशकांना मराठी बाजू आवडली. त्यांनी कळवलं की आम्ही छापतो, फक्त उर्दू भाग गाळू या, वाचक गोंधळतात आणि दुकानात ठेवायची पंचाईत होते. वाटल्यास तो स्वतंत्र काढा. माणूस सभ्य होता आणि धंद्याच्या दृष्टीने चुकीचं काही बोलत नव्हता. पण स्वतंत्र काढलेला तो भाग कपाटात पडून राहिला असता आणि माझी बाजू गावभर फिरली असती, हे मला दिसत होतं. मी त्याच दिवशी आभार मानून नकार कळवला. नंतर दोन-तीन दिवस जेवण गेलं नाही, ते तुला म्हणून सांगते. अम्मीला मी काही बोलले नव्हते. तिने माझ्या ताटाकडे बघून ओळखलं आणि म्हणाली, “मेरा निकाल डाल. तेरा तो छपने दे.” ते ऐकल्यावर मात्र माझं ठरलं. म्हटलं, आता दोन्ही छापणार आणि मीच छापणार.

वाट दाखवली तौसिफने. नव्या पेठेत त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, उर्दू अक्षरजुळणी तोच करतो. मी अडचण सांगितली तर त्याने मागच्या फळीवरून एक पत्रिका काढून माझ्यापुढे टाकली. एका बाजूने उर्दू, दुसऱ्या बाजूने मराठी, मध्ये वधूवरांची नावं. “आपा, हर शादी में येच करते. किताब में क्या नवा है?” मग मी स्वतःच प्रकाशक झाले. अर्ज भरले, कागदाचे नमुने चोळून पाहिले, मराठीची मुद्रितं तपासली, उर्दूची अम्मीने. पुस्तकाचा नंबर आणि किंमत मलपृष्ठावर छापतात, आणि आमच्याकडे मलपृष्ठच नाही. कुणाच्या मुखपृष्ठावर ते काळे पट्टे टाकायचे? अम्मी म्हणाली, “मेरे बाजू पे नक्को.” म्हणून ते माझ्या बाजूला, माझ्या नावाच्या खाली आले आहेत. प्रकाशकाला एवढं सोसावं लागतं.

छपाई झाली आणि बांधणीत घोळ झाला. बाइंडर सिद्धाप्पांनी नमुन्याची प्रत हातात दिली तेव्हा मला काही कळलं नाही, दिसायला देखणी होती. अम्मीने उजवीकडून उघडली, पहिलं पान बघितलं, मग दुसरं, आणि मला म्हणाली, “इसमें आमीन पहले है, दुआ बाद में.” उर्दूचे सगळे फर्मे, म्हणजे घडी घातलेले पानांचे गठ्ठे, मराठीच्या क्रमाने लागले होते. शेवट आधी, सुरुवात मध्यावर. सिद्धाप्पा डोक्याला हात लावून बसले. “मी आकडं बघून लावतो, ताई. हे आकडं मला लागत न्हाईत. मग आपलं नेहमीसारखं डावीकडनं लावत गेलो की.” सभागृह ठरलं होतं, निमंत्रणं गेली होती. तौसिफ दुकान बंद करून बांधणीखान्यात जाऊन बसला आणि प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मराठी आकडा घालत गेला. सिद्धाप्पांनी सगळं उसवून पुन्हा लावलं. काही प्रतींत ते पेन्सिलीचे आकडे राहून गेलेत. तुझ्या प्रतीत असले तर खोडू नकोस. आता सिद्धाप्पा येईल त्याला सांगतात, “उर्दू बी हितंच हुतंय. लई अवघड न्हाई, उलटं शिवायचं फकस्त.”

आणि मग प्रकाशन. सात रस्त्याजवळच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. मराठी बाजूवर बोलायला आमचे जुने संपादक गुरुलिंग सर होते, उर्दू बाजूवर उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका समरा बाजी. अम्मी पहिल्या रांगेत, मांडीवर पुस्तक उघडून. कार्यक्रम चालू असताना ती वाचत होती. मंचावरून मला तेवढंच दिसत होतं. बोट उजवीकडून डावीकडे सरकतंय, पान उलटतंय, आणि मुद्रितापेक्षा काहीतरी वेगळंच हाताला लागल्यासारखी ती त्या पानावरून तळवा फिरवते. माझं काम तिथेच झालं होतं.

गुरुलिंग सर सुरेख बोलले. म्हणाले, ही एका सोसणाऱ्या बाईची कहाणी आहे, वाचताना डोळे भरून येतात. टाळ्या पडल्या. मग समरा बाजी उठल्या. पहिलंच वाक्य, “ऐसी मजेदार औरत मैंने किसी किताब में नहीं देखी, हँस-हँस के मेरा पेट दुखा.” गुरुलिंग सर माझ्याकडे बघायला लागले. मी तौसिफकडे. तौसिफ छताकडे. बाजींनी एक प्रसंग वाचला. माझ्या बाजूला ठेकेदार शिवण वाकडी म्हणून टॉवेल परत करतो आणि ती उंबऱ्यात बसून रडते. अम्मीच्या बाजूला ती तोच टॉवेल ठेकेदाराच्या गळ्यात घालते आणि सांगते, जा, नव्या पेठेतून एक चक्कर मारून ये, कुणी शिवण वाकडी म्हटली तर पैसे देऊ नकोस. सभागृह हसून लोळत होतं. मराठी बाजू उघडून बसलेले लोक हातातलं पुस्तक उलटंसुलटं करून बघत होते. मंचावर बसून मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या बाजूला वेगळंच पुस्तक आहे, आणि ते मला वाचता येत नाही.

घरी आल्यावर विचारलं. तिने अगदी शांतपणे सांगितलं, “तेरी वाली बहोत रोती, बेटा. मैं कब रोई इत्ता? टाइम किसकू था?” तौसिफला अक्षरं जुळवतानाच सगळं कळलं होतं, पण “खाला कसम डाले थे, आपा”. आयुष्यभर मी लोकांचा मजकूर दुरुस्त केला. माझा मजकूर दुरुस्त करणारी माझ्या समोर बसून चहा पीत होती. राग यायला हवा होता, पण इतका अभिमान मला स्वतःच्या पुस्तकाचाही वाटला नव्हता. आता घराघरांत गंमत चाललीय. आजी उर्दू वाचते, नात मराठी वाचते, आणि खरं काय घडलं ह्यावरून दोघींची जुंपते. दुसरी आवृत्ती काढावी लागणार आहे. लोक विचारतात, दोन्ही बाजू सारख्या करणार का? नाही करणार.

आता हे पत्र का लिहिलं ते. माझ्या बाजूला एक शेजारीण आहे, दोन ओळींची. अम्मीच्या बाजूला तिच्यावर आख्खी दोन प्रकरणं आहेत आणि तिचं नाव गौरम्मा आहे. त्या दिवशी समरा बाजी त्यातला एक उतारा वाचत होत्या आणि एका शब्दाला अडखळल्या. “बाकंदर... बाकुंदर...” दोनदा प्रयत्न केला. पहिल्या रांगेतून अम्मी मोठ्याने म्हणाली, “बाजी, वो कन्नड है. बा, कुंद्र!” ये, बस. सगळे हसले, अक्षता, पण माझ्या अंगावर काटा आला, कारण अम्मीने ते तुझ्या अव्वाच्या, म्हणजे खऱ्या गौरम्माच्या, सुरात म्हटलं होतं. ‘कुंद्र’वर तो हेल, आणि पाठोपाठ जमिनीवर थापटल्यासारखा हात. अव्वा गेल्यानंतर तू फोनवर मला म्हणाली होतीस की तिचे फोटो खूप आहेत, पण ती कशी बोलायची ते आता कानातून निसटायला लागलंय. ती ह्या पुस्तकात आहे. तिचं कानडी, तिच्या शिव्या, मशीनच्या पलीकडे बसून अम्मीला सांगितलेल्या गोष्टी, तुझ्या जन्माची दुपारसुद्धा. सगळं तिच्याच शब्दांत, पण उर्दू अक्षरांत. अक्षरं तुला येत नाहीत आणि मलाही येत नाहीत. ज्या बाईला येतात ती इथे बसलीय. मी म्हटलं, अम्मी, फोनवर वाच, मी रेकॉर्ड करून विजापूरला पाठवते. ती ऐकायला तयार नाही. म्हणाली, गौरम्माची मुलगी आहे, तिला समोर बसवून ऐकवीन. तेव्हा ह्या सुट्टीत ये. अम्मीचा निरोप जसाच्या तसा लिहिते, ह्यात मी एक अक्षर बदललेलं नाही: “उसकू बोल, चष्मा नक्को ला. कान ला.”

डाव्या बाजूची, आणि तुझीच,
झीनत