सोळा बोटांचं सूत

ऐन रहमा, तोझरजवळ
१४ ऑक्टोबर १९७४

प्रिय भाऊ तिजानी,

सलाम. तू बरा असशील असं धरून चालतो. इथे सगळं ठीक. खजूर उतरवायला घेतलाय. यंदा माल बरा आहे, पण झाडावर चढायला माणूस मिळत नाही आणि माझे गुडघे मलाच शिव्या देतात. आपली पोर नजात आता तोझरच्या शाळेत गणित शिकवायला लागली. घरातही शिकवते, कुणी विचारो न विचारो.

आपली आई, आपली उम्मी गेल्याची तार तुला मिळाली असणार. तू आला नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. ज्या घरातून तू तसा गेलास तिथे तुझं मन कसं वळावं?

चाळीस दिवस झाल्यावर तिची पेटी उघडली. दोन शाली, मेंदीची पुरचुंडी आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक सूत. मी ते लगेच ओळखलं. नजात म्हणाली, "बाबा, आजीने हे काय जपून ठेवलंय?" मी तिला सगळं सांगितलं, आणि सांगताना हसत होतो. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

वडील होते तोवर आठवड्याला एक अख्खं भांडं पाणी आपलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं. ते उभट तांब्याचं भांडं झऱ्यापाशी टांगायचं, काठोकाठ भरायचं, आणि बुडाच्या भोकातून ते रिकामं होईतो पाट आपल्या बागेकडे वळवायचा. वडील गेल्यावर बागेचे दोन भाग झाले, तसे भांड्याचेही झाले. सोळा बोटं खोल भांडं. मी आठ बोटांवर खिळ्याने रेघ मारली. पाणी रेघेपर्यंत उतरेस्तोवर पाट तुझा, तिथून खाली माझा. पहिली पाळी तुला दिली, कारण तू धाकटा. आपण केवढे मोठ्या मनाचे, असं तेव्हा मला वाटलं होतं.

वाटणीनंतर नवव्या वर्षी तू सगळ्या गावासमोर म्हणालास की तुझं पाणी कमी पडतं, चहाचा पहिला पेला गार व्हायच्या आत पाट फिरतो. मी म्हणालो, "मग चहा भरभर पीत जा." सगळे खो खो हसले. वर मीच म्हणालो, भरवसा नसेल तर स्वतः मोजून बघ. तू सूत भांड्यात सोडलंस, काठाशी तोडलंस आणि दुमडलंस. घडी नेमकी रेघेवर आली. तू सूत तिथेच टाकलंस आणि निघून गेलास. आठवड्याने कळलं की तू समुद्रापार ल्योंला गेलास. ते सूत उम्मीने उचललं होतं, हे मला आत्ता कळतंय.

नजात हसली नाही. तिने एवढंच विचारलं की तुम्ही बोटं मोजलीत, पण वेळ कुणी मोजला का? दुसऱ्या दिवशी ती शाळेतलं घड्याळ घेऊन झऱ्यावर आली. भांडं भरलं. रेघेपर्यंत साडेसतरा मिनिटं लागली. रेघेखाली साडेबेचाळीस. मी म्हणालो, परत भर. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

भांडं भरलेलं असतं तेव्हा वरच्या पाण्याच्या दाबाने धार जोरात पडते, आणि पातळी उतरेल तशी ती मंदावते, असं तिने समजावलं. मग खडूने खुणा केल्या. पहिल्या पाव तासात सात बोटं पाणी उतरतं, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन, आणि शेवटच्या पाव तासात एकच बोट. "रेघ बुडापासून चार बोटांवर हवी होती, बाबा," ती म्हणाली. "आठावर उंची अर्धी होते, वेळ नाही." म्हणजे सूत खरं होतं आणि तूही खरा होतास.

इथवर लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. इथेच सही केली असती तर माझी चूक नुसती गणिताची ठरली असती.

तिजानी, माझ्या पाळीत रिवाजाप्रमाणे चहाचे तिन्ही पेले व्हायचे. सावकाश, पुदिना घालून, आणि वर एक डुलकीही. तिसऱ्या की चौथ्या वर्षीच हे माझ्या लक्षात आलं होतं. कारण माहीत नव्हतं, अल्लाची शपथ. पण फरक माहीत होता. रेघ बरोबर आहे ना, मग झालं तर, अशी मी मनाची समजूत घातली. तुला चारचौघांत मोजायला लावलं ते म्हणूनच. सूत माझ्याच बाजूने बोलणार, याची मला खात्री होती.

तू गेल्यावरही तुझ्या बागेला दर आठवड्याला पाणी दिलं. रेघेपर्यंत, अगदी इमानाने. चाळीसातली सतरा झाडं उरली. लोक म्हणायचे, मालक गेला म्हणून बाग झुरतेय, आणि मीही मान डोलवायचो. तुझ्या जन्माच्या वेळी वडिलांनी लावलेलं झाड गेल्या वर्षी मीच तोडलं.

शुक्रवारी नमाजानंतर झऱ्यापाशी, त्याच जागी उभा राहून सगळ्यांना हे सांगितलं. चहाचंही सांगितलं. कुणी हसलं नाही. पाटाची राखण करणारे मबरूक काका तेवढे म्हणाले, "आई जिवंत असताना सांगायचं होतंस."

चार बोटांवर नवी रेघ मारली आहे. जुनी पुसलेली नाही. ती राहू दे. परवा तुझ्या सतरा झाडांना पहिल्यांदा त्यांचं पूर्ण पाणी मिळालं.

"ये" असं लिहायचा मला हक्क नाही. नजात म्हणते, तरी लिहा. सूत तुझं आहे म्हणून सोबत पाठवतोय. चार बोटांवर गाठ मारली आहे, हाताला लागेल. तू गेल्यापासून अकरा वर्षं उम्मी माझ्या ताटात जेवली आणि हे सूत तिने पेटीत ठेवलं. मला ती एका शब्दाने बोलली नाही.

तुझ्या वाटचं पाणी प्यालेला,
तुझा मोठा भाऊ
लाझहर