कस्तुरामावशींचा डबा

१० मार्च, सोमवार
मानवजातीवर घोर अन्याय — शाळेच्या कॅन्टीनमधून ठेचा हद्दपार! दोन देशांचे अभ्यासक्रम एकत्र शिकवणाऱ्या शाळेला तो शोभत नाही, असं प्राचार्य पुनम मॅडमचं मत. लातूरच्या उन्हात, गळ्यात टाय, समोर पांढरा पास्ता. शेवटी झाडलोट करणाऱ्या कस्तुरामावशींनी आपला डबाच पुढे केला. भाकरी, ठेचा. "निवांत खावा सर, उद्या द्या."

१३ मार्च
दोन अभ्यासक्रम, म्हणून प्रत्येक पोराचे दोन निकाल. आपल्या बोर्डाला शंभरपैकी गुण, साहेबाच्या बोर्डाला एक ते नऊ यांतला आकडा. माझ्या मराठीलासुद्धा! सदतीस पोरं. भरले एकदाचे.
माहितीपत्रकावर दोन गोरी पोरं हसतात. वर्गात उदगीरची कानडी, देगलूरची तेलुगू, शिवाय उर्दू — ती कुणाच्या मोजणीत नाही.
डबा द्यायचा राहिला.

१८ मार्च
विश्वस्तांनी पेढे वाटले. त्यांच्या मुलाला, वैजनाथला, मराठीत नऊ! हा वैजनाथ एका धड्यात तीनदा झोपतो. मी पेढा खाल्ला. विचार केला नाही.

१९ मार्च
मावशी स्टाफरूममध्ये आल्या. वाटलं, डब्यासाठी. ओशाळलो.
डबा नव्हे. त्यांची नात धम्मप्रिया माझ्या पाचवीत, आरटीईच्या मोफत जागेवर. मराठीत वर्गात पहिली. तिला या वर्गातून काढून मागच्या इमारतीत, नुसत्या आपल्या बोर्डाच्या तुकडीत टाकणार.
"तुमच्याच विषयात एक पडला म्हणं, सर. पोरीचंच काई चुकलं असंल."
एकच दिला होता मी! एक म्हणजे पहिला नंबर, आणखी काय? साहेबाकडे मात्र नऊ सगळ्यांत वर, एक तळाला. चौदा पानी सूचना होती. वाचली नाही.
एक मिळालेल्या बाकी दोघांचे आईबाप गाड्या घेऊन आले, फेरपरीक्षा मिळवून गेले. मावशींनी जाताना माझंच टेबल पुसलं.

२० मार्च
मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. दुसऱ्यांच्या चुकांवर वीस वर्षं हसण्यात गेली — स्वतःची सांगायची सवयच नाही.

२१ मार्च
चूक माझी, असं लिहून दिलं. सदतीस आकडे उलटे केले. मॅडम हताश. "विश्वस्तांना काय सांगू? पेढे वाटलेत त्यांनी."
म्हणालो, एक मीही खाल्लाय.

२४ मार्च, सोमवार
धम्मप्रिया आपल्या बाकावर. मागच्या इमारतीत आजपासून मी.
जाताना डबा मावशींच्या खुंटीला अडकवला. रिकामा देत नाहीत आपल्याकडे — आत गुळाचा खडा ठेवला. आणि चिठ्ठी: पोरीचं काही चुकलं नव्हतं.