डाव्या हाताच्या वेण्या

॥ श्री ॥

आर्वी, दि. २० जून १९८३

तीर्थस्वरूप सौ. सुमित्रामावशी यांच्या चरणी,
कोकिळेचा कृ. सा. न. वि. वि.

सुनेच्या धाकट्या बहिणीने तिच्या सासूबाईंना परस्पर पत्र लिहावे, ही आमच्या घरची रीत नव्हे, आपल्याकडचीही नसेल. ताईच्या लग्नात आपण माझे नाव विचारले होते, तेव्हा मला तेसुद्धा धड सांगता आले नाही. तरीही आज हे धाडस करीत आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते आणि मग लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आपण पुलगावहून ताईला पाहायला आलात. पोह्यांच्या बश्या उचलल्यावर आईने, पद्धतीप्रमाणे, मुलीच्या हातचे काम म्हणून वेण्यांच्या विणीचा निळा स्वेटर आपल्यापुढे ठेवला. आपण तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि हसलात. तो स्वेटर ताईचा नव्हता. तो मी विणला होता. ताईला सुलट टाका येतो, उलट येत नाही.

लग्नानंतर आपली पहिली फर्माईश आली आणि तेव्हापासून आजवर तुमच्या घरी जे जे लोकरीचे गेले ते सारे मी विणले आहे. आपल्या नावाने लोकरीच्या लच्छ्या येतात. आई त्या माझ्या मांडीवर ठेवते आणि म्हणते की बहिणीचा संसार या सुयांवर उभा आहे. सासूला खरे कळले तर ती सुलोचनेला माहेरी आणून घालेल, असेही आई म्हणते. मी दोन वर्षांपूर्वी बारावीला शाळेत पहिली आले. त्या वर्षी ताईचे बाळंतपण होते, म्हणून बाळाचा संच झाला. पुढच्या वर्षी भाऊजींचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता. दोन्ही वर्षे वर्ध्याच्या कॉलेजातील प्रवेशाची मुदत विणण्यातच निघून गेली. यंदा ती १५ जुलैला संपते. यंदाही राहिले, तर बाबा माझ्यासाठी स्थळे पाहणार आहेत.

म्हणून आपल्यापुढे हे कबूल करते. फसवणुकीत हात माझे होते, तेव्हा राग माझ्यावर काढावा. ताईला काही बोलू नये. आणि शक्य असेल तर आता लोकर पाठवू नये.

उत्तर द्यावेसे वाटल्यास आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील आनंदाबाईंच्या पत्त्यावर द्यावे. घरी पत्रे आई उघडते.

आपली कृपा मागण्याइतकी मी पात्र नाही, तरी मागते.

आपली आज्ञाधारक,
कोकिळा

*

पुलगाव, दि. २७ जून १९८३

चि. कोकिळाले सुमित्रामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र पोहोचलं. मी चौथी पास आहो, तुह्यासारखं मले लिहिता येत नाई, तं जसं बोलतो तसंच लिहून राह्यली. वाचून घेजो.

बाई, तो निळा स्वेटर तुह्या बहिणीचा नाई हे मले त्याच दिवशी कळलं होतं. आमचे हे लष्कराच्या डेपोत नोकरीले होते तवा शेजारी पंजाबी बाया राहायच्या. हिवाळ्यात साऱ्या जणी उन्हात बसून विणायच्या. त्याह्यच्यापाशी मी विणणं शिकली. सरळ हाताच्या बाईची वेणी एका अंगाले पीळ खाते, डावखुरीची दुसऱ्या अंगाले. त्या स्वेटरच्या साऱ्या वेण्या उलट्या पिळाच्या होत्या. सुलोचनानं पोहे उजव्या हातानं वाढले, अन् मागच्या दारात एक बारकी पोरगी डाव्या हातात पाण्याचा तांब्या धरून उभी होती. मी हसली ते त्याच्यासाठी.

मनात म्हटलं, लेकीच्या लग्नासाठी माय एवढं खोटं करते, त्याच्यात काय मोठं? आमच्या सासूले दाखवलेला रुमाल बी माह्या मावशीनं भरला होता. मले सून पाह्यजे होती, सुया नाई.

पह्यल्या दिवाळीले तुही आई आमच्याइथं आली तवा मी तिले साफ सांगतलं. म्हटलं, व्याहीणबाई, मले सारं ठाऊक आहे, त्या पोरीले आता उगा जुंपू नका. तं मनकर्णाबाईनं माहे दोन्ही हात धरले. म्हणाली, कोकिळाले हे कळू देऊ नका. म्हणे पोरगी पुस्तकाले चिकटली आहे, होस्टेलचं नाव काढते. शिकून बसली तं तिच्याहून शिकलेला पोरगा कुठून आणाचा? हातात सुया आहेत तवरच घरी बसून राह्यते. हे बोलणं झालं तवा सुलोचना चहा घेऊन तिथंच उभी होती.

त्या दिवाळीपासून मी तुले लोकरीची एक लच्छी पाठवली नाई. तुही आईच आर्वीले नत्थूजीच्या दुकानातून घेत असन. हिवाळा सरला का तुहे सारे स्वेटर माह्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवतो. आमच्या गावाले थंडी असते किती? दीड महिना.

तू माफी मागतली, पण मीच गुन्हेगार आहो. मी गप्प राह्यली. दर वर्षी नवा स्वेटर घरात येऊन राह्यला होता, हात लावला का मऊ लागे, अन् मी काही बोलली नाई. आता लिहाले लाज वाटते.

तू कॉलेजात जाजो. तुह्या बहिणीले या घरातून कोणी काढत नाई.

तुही मावशी,
सुमित्राबाई

*

आर्वी, दि. २ जुलै १९८३

सौ. ताईस,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

येथे सर्व क्षेम. बाळाला सर्दी होती, ती गेली असेल अशी आशा करते.

सुमित्रामावशींचे पत्र मला आले आहे. त्यांनी पहिल्या दिवाळीची हकीकत कळवली. हे खरे की खोटे, असे मी तुला विचारत नाही, कारण मी लगेच नत्थूजींच्या दुकानात गेले. आईने मागच्या आठवड्यात गुलाबी लोकरीच्या चार लच्छ्या नेल्या आणि रंगाचा लॉट बदलण्याआधी आणखी दोन बाजूला ठेवायला सांगितल्या, असे त्यांनी आपणहून सांगितले. त्याच दिवशी आईने मला त्या लच्छ्या, पुलगावहून आल्या, म्हणून दिल्या होत्या.

मला फक्त एवढेच विचारायचे आहे की, तू मला का सांगितले नाहीस? गेल्या वर्षी तू माहेरी आलीस, तेव्हा भाऊजींच्या स्वेटरचा गळा उतरवताना तू माझ्या शेजारी बसून घरे मोजत होतीस. टाके कमी करता करता मी तुला म्हणाले होते की, आज मुदतीचा शेवटचा दिवस. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी.

दुसरी गोष्ट कामाची आहे. प्रवेशाच्या अर्जावर पालकाची सही लागते. बाबांना विचारले तर ते म्हणतात, आईला विचार. आई म्हणते, दसऱ्यानंतर बघू. मुदत १५ तारखेला सायंकाळी पाचला संपते. भाऊजींनी पालक म्हणून सही केली तरी चालते, असे मी कारकुनाला विचारून घेतले आहे. पुलगावहून वर्धा पॅसेंजरने तासाभराचे सुद्धा नाही. तुम्ही दोघे, किंवा ते एकटे, त्या दिवशी येऊ शकाल का? उत्तर घरी नको, शाळेतील आनंदाबाईंच्या पत्त्यावर पाठव.

एवढे एकच मागते. यापूर्वी तुझ्याकडे मी काही मागितल्याचे मला आठवत नाही.

तुझी,
कोकिळा

*

पुलगाव, दि. ८ जुलै १९८३

चि. कोकिळाले सुलोचनाताईचे आशीर्वाद.

काय ग बाई, केवढं ते रागाचं पत्र! वाचताना वाटलं, हेडमास्तरीणच समोर छडी घेऊन उभी आहे. एकेक वाक्य कसं मोजून मापून! हे म्हणाले, तुमची कोकिळा वकील व्हायला पाहिजे.

हो, मले माहीत होतं. खोटं कशाला बोलू? पहिले मले वाटलं, सांगून टाकावं. पण आईनं शपथ घातली. अन् मग एक एक दिवस जात गेला. तुले सांगते, इथं चाळीत साऱ्या बाया मले वेण्यावाली सून म्हणतात. बाळाला तुझा स्वेटर घालून बाहेर नेलं की पंजाबीण सुद्धा थांबते, वीण शिकव म्हणते. मी म्हणते, उद्या शिकवते. तीन वर्षं उद्या उद्या करून राह्यली. तू शाळेत दरसाल पहिली आली, पेपरात नाव आलं. माझं कौतुक कोणी कधी केलं होतं ग? हे एकच होतं, ते बी तुझंच. तूच सांग, सोडवलं असतं का तुला?

१५ तारखेचं जमत नाही. ह्यांची मिलमध्ये पहिली पाळी आहे. सुट्टी मिळाली असती, पण आईच्या मनाविरुद्ध सही करून ते काऊन वाईटपणा घेतील? मले दुसऱ्यांदा दिवस आहेत, हे तुले आईनं सांगितलंच असेल. आश्विनात माहेरीच यायचं आहे. आई रुसली तर मी जाऊ कुठं? सासूबाई मायाळू आहेत, पण बाळंतपण त्या करतील का?

तू हुशार आहेस. घरी बसूनही तुला वाचता येतं. आईनंही तुझ्या भल्याचंच पाह्यलं.

मनात राग ठेवू नको. अन् ते गुलाबी टोपडं पुरं झालं असेल तर तानबाच्या हाती पाठवजो, तो सोमवारी आर्वीहून एस.टी.नं येणार आहे. टोपड्याच्या कडेला मागच्यासारखी बारीक जाळी धरजो, तशी इथं कोणाले येत नाही.

लोभ ठेवजो.

तुझी ताई,
सुलोचना

*

वर्धा, दि. १५ जुलै १९८३

सौ. ताईस,

तुझे पत्र सोमवारी आनंदाबाईंकडून मिळाले. टोपडे तानबाजवळ दिले नाही. ते कुणाजवळही देणार नाही.

तू विचारलेस की तुझ्या जागी मी असते तर कौतुक सोडवले असते का. मी चार दिवस विचार केला. मला वाटते, नसतेच सोडवले. परंतु तू गळ्याची घरे मोजत शेजारी बसली होतीस, त्या दिवशी मी तोंड उघडले असते. तेवढा फरक तुझ्यामाझ्यात असावा, अशी माझी इच्छा आहे. तो खरोखर आहे की नाही, हे आज दुपारपासून मला ठामपणे सांगता येत नाही.

सकाळच्या गाडीने आर्वी सोडली. नत्थूजींकडे लोकर बघते आणि मग दिवसभर मैत्रिणीकडे बसते, असे आईला सांगितले. त्यावर तिने चटकन पैसे काढून दिले. त्यांतूनच तिकीट काढले.

कॉलेजच्या खिडकीसमोर रांग होती. तुम्ही येणार नाही हे ठाऊक असूनही पुलगावकडची पॅसेंजर स्थानकावर यायच्या वेळी मी एकदा रस्त्याकडे पाहिले. मग पायरीवर बसून पालकाच्या रकान्यात बाबांची सही मी केली. ती पहिल्याच फटक्यात बेमालूम जमली. कारकुनाने वर मान करूनही पाहिले नाही. वडील सोबत का आले नाहीत, असे त्याने विचारले. ते बाहेर बसले आहेत, असे मी सांगितले. शाळेत इतकी वर्षे कुणी माझ्या वहीवर संशय घेतला नाही, आणि आज एका अनोळखी माणसाने माझ्या खोट्यावर शिक्का मारला. अर्ज दाखल झाला.

बाबांना हे कळेल तेव्हा काय होईल, हे मी जाणते. मी आजच्या शेवटच्या गाडीने परत जाणार आहे आणि आईला लोकर मिळाली नाही एवढेच सांगणार आहे. कॉलेज सुरू होईपर्यंत दररोज असेच काहीतरी सांगावे लागेल. तुम्हा दोघींचे पाहून जे शिकले, ते आता माझ्याही अंगवळणी पडेल, याचेच मला वाईट वाटते.

बाळाला आशीर्वाद. लोभ होता, तेवढा पुरे.

कोकिळा

वर्धा रेल्वे स्थानकावरील पेटीत टाकले: शुक्रवार, दि. १५ जुलै १९८३, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे.