तू भरलेली टाकी

बाबा, त्या दिवशी माझी गाडी चढावर का रखडत होती, ते तुला कधी सांगितलं नाही. तू गेलास त्याला आता खूप वर्षं झाली, तुझ्यामागून आईही गेली. खरं सांगितल्यानं कुणाचं मन दुखेल अशी भीती आता उरलेली नाही, आणि नेमकं त्यामुळेच सांगावंसं वाटतंय.

तू जन्मभर दुसऱ्याची जीप चालवलीस. मोखाडा ते जव्हार, जव्हार ते मोखाडा. आत माणसं, टपावर भाताची पोती, मागच्या फळीवर उभी राहिलेली पोरं. त्या जीपची टाकी भरलेली मी कधी पाहिली नाही. काटा सदा तळाला टेकलेला. एका खेपेपुरतं डिझेल घ्यायचं, माणसं भरायची, पोचलं की पुढच्या खेपेचं बघायचं. मी शाळेत असताना एकदा जव्हारच्या स्टँडवर जीप चालू ठेवून तू पान घ्यायला उतरलास, तेव्हा मी सरकून तुझ्या जागेवर बसले आणि जोर लावून रेस दिली. इंजिन केवढ्यानं ओरडलं! तू धावत आलास. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तू नुसता किल्ली फिरवून जीप बंद केलीस आणि म्हणालास, "मुक्या जनावराला असा वरडायला लावतात का? तो काय बोलतो ते आयकायचा असतो." जीपमधली माणसं हसली. मी रडले. पण त्या दिवसापासून मी गाड्या ऐकायला लागले, हे तुला ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

पुढं मी आयटीआय केलं, नाशिकला लग्न झालं, आणि तिथल्याच एका गॅरेजात कामाला लागले. गाड्यांची ताकद वाढवून देणारं गॅरेज. सुरुवातीला मला बिलं करायला बसवलं होतं. तू एकदा चुलीपाशी बसून, नाचणीची भाकरी मोडता मोडता विचारलंस, "ताकद वाढवता म्हंजे नक्की करता काय?" आई उडदाची आमटी वाढत होती. मी म्हटलं, "गाड्यांना पळायला शिकवतो." तू हसलास, मीही हसले आणि विषय तिथंच संपला. तेव्हाच नीट सांगितलं असतं तर! तू इंजिनावर आयुष्य काढलेला माणूस, तुला एका भाकरीच्या वेळात कळलं असतं. मला मात्र वाटलं, बाबाला काय सांगायचं हे.

तर आता सांगते. तुझं डिझेल दाबानं आपोआप पेटतं, म्हणून तुझी जीप सारखी खडखडायची. तो तिचा स्वभावच. पेट्रोलचं तसं नसतं. पेट्रोलनं ठिणगी पडेपर्यंत थांबायचं असतं. आम्ही काय करतो, तर इंजिनात जास्त हवा कोंबतो, ठिणगी थोडी आधी पाडतो, मग ताकद वाढते. पण आतला दाब आणि उष्णताही वाढते, आणि साधं पेट्रोल त्या दाबाखाली दम धरत नाही. भलत्या वेळी आपणहून पेटतं. मग आतून हातोडी मारल्यासारखी टकटक ऐकू येते. आम्ही त्याला नॉकिंग म्हणतो. तसंच दामटलं तर पिस्टन फुटतो. पेट्रोलचा हा जो धीर, त्याला ऑक्टेन म्हणतात. साध्या पेट्रोलचा आकडा एक्क्याण्णव. माझी गाडी मी सत्त्याण्णवच्या पेट्रोलवर बसवली, म्हणजे ट्यून केली होती. ते पेट्रोल तेव्हा नाशिकला मिळायचं, आपल्या मोखाड्याच्या पंपावर नाही.

ती गाडी माझी होती. जुनी घेतलेली, छोटी, टर्बोची. रोज संध्याकाळी गॅरेज बंद झाल्यावर मागं थांबून मी ती स्वतः बसवली होती. गॅरेजचे शेठ म्हणाले होते, दिवाळीनंतर तुझी गाडी मोठ्या गिऱ्हाइकांसमोर पळवून बघू. चांगली पळाली तर बिलं सोड आणि ट्यूनिंगचं काम तू बघ. तोवर ट्यूनिंगच्या टेबलाशी कुणी बाई बसली नव्हती. भाऊबीज झाल्यावर तीच गाडी घेऊन मी आपल्या गावी, पोशेऱ्याला आले. येता-जाता पुरेल एवढं चांगलं पेट्रोल टाकीत घेतलेलं. तू गाडीभोवती फिरलास, बोटानं टायर दाबून पाहिलेस, बॉनेट उघडायला लावलंस आणि बराच वेळ नुसता बघत राहिलास.

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर खळ्यावर गेले होते. परत आले तर गाडी धुतलेली, काच लख्ख, आणि तू ओट्यावर बसलेला. चेहरा असा की काहीतरी लपवलेलं आता दाखवायचं आहे. म्हणालास, "किल्ली घेतली व्हती तुझी. मोखाड्याला नेऊन आणली. टाकी फुल्ल केली. पंपवाला म्हणला बस, मी म्हणला अजून घाल, पार गळ्यापर्यंत."

मी टाकीच्या झाकणावरून हात फिरवला. तुला वाटलं, मला भरून आलंय. "आई तुझी वटी भरंल, मी टाकी भरली," असं म्हणून तू मोठ्यानं हसलास.

कुणाचीच टाकी कधी पूर्ण न भरलेला माणूस तू. मी चावी लावून पाहिलं, काटा वर टेकला होता. खाली असलेलं माझं पेट्रोल त्यात कुठल्या कुठं विरून गेलं होतं. डिकीत एक बाटली होती, ऑक्टेन वाढवायच्या औषधाची. गिऱ्हाइकांना त्या बाटल्यांची फार भूल असते. वर लिहिलेलं असतं, इतके पॉइंट वाढतील, आणि त्यांना वाटतं एक्क्याण्णवचं पेट्रोल शंभरापार जाईल. तो पॉइंट म्हणजे आकड्याचा दहावा हिस्सा असतो. भरल्या टाकीत एका बाटलीनं फार तर एक-दोन आकडे चढतात, आणि नेहमी घातलं तर ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर विटकरी पूट बसतं. तरी त्या दिवशी थोडा आधार झाला असता. पण तू टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभा होतास. तुझ्या पेट्रोलला मी औषध पाजतेय हे तू बघावंस, हे मला नको होतं. बाटली डिकीतच राहिली.

मग तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. "चल, जव्हारला जाऊन येऊ. जोरात हाण. नाशिकचे लोक कशापायी तुमच्याकडं येतात ते बघू दे मला." कायम उजवीकडं बसलेला माणूस डावीकडं बसला आणि पाय कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

सपाटीवर ठीक होतं. मोखाडा सोडलं, वळणाचा चढ लागला, आणि मी पाय जरासा दाबला. टकटक टकटक. मी पाय उचलला. तुझा चेहरा मात्र खुलला होता.

"आयला, ही पण बोलते गं! माझ्या जीपसारखीच बोलते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्या आवाजानं माझं सगळं काम मातीत गेलं असतं, तो तुला घरचा वाटला. मी आणखी हळू घेतलं. तू वाट बघत होतास, आता पळवेल, ह्या वळणानंतर पळवेल. तेवढ्यात मागून हॉर्न. तुझ्याच स्टँडवरची जीप, चालवणारा तुझा जुना सोबती. माणसांनी गच्च भरलेली ती जीप धूर सोडत आपल्या पुढं निघून गेली. त्यानं खिडकीतून तुला हात केला, फळीवरची पोरं आपल्याकडं बघून ओरडली. तूही हात वर केलास, मग हळूच मांडीवर ठेवलास. थोड्या वेळानं म्हणालास, "रस्ता खराब हाय." बाबा, तो रस्ता त्याच वर्षी नवा झाला होता.

जव्हारच्या स्टँडवर आपण चहा घेतला. तो जीपवाला तिथं होताच. म्हणाला, "काय रं, पोरीची गाडी दमली का?" तू म्हणालास, "माझी पोरगी जपून चालवते. तुझ्यासारखी माणसांच्या जिवावर उठत नाय." त्याला हसता हसता ठसका लागला. तू बशीतला चहा संपवलास, आणि परतताना, अर्ध्या वाटेवर, माझ्याकडं न बघता बोललास, "व्हईल. हात बसायला वेळ लागतो. मला पण पयल्या साली घाटात सगळे मागं टाकायचे." तू माझी समजूत काढत होतास. सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय, की तू प्रेमानं भरलंस ते पेट्रोल माझ्या गाडीला चालत नाही? घरी गेल्यावर तू आईला म्हणालास, "पोर संथ चालवते. चांगला हाय." आई म्हणाली, "बरा झाला. मला घोर व्हता." मी आत भांडी विसळत होते. पाणी तसंच ओतत राहिले.

नाशिकला मी जीव मुठीत धरून, गाडीला कुठंही ताण न देता पोचले. गॅरेजात नळी लावून तुझं पेट्रोल कॅनमध्ये काढलं. शेठ म्हणाले, दे इथल्या पोरांच्या बाइकमध्ये. मी दिलं नाही. माझ्या स्कूटीत थोडं थोडं घालून वापरलं, संपेपर्यंत. गाडीत सत्त्याण्णवचं भरलं आणि गिऱ्हाइकांसमोर ती पळाली, बाबा, अशी पळाली की शेठ खुर्चीवरून उठले. ट्यूनिंगचं टेबल मला मिळालं. संध्याकाळी तुला फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "माझा पेट्रोल चालला ना?"

"चालला," मी म्हटलं.

"मंग! सांग तुझ्या शेठला, बापानं टाकी भरून दिली व्हती."

माझं ठरलं होतं की पुढच्या वेळी नाशिकहून टाकी भरून यायचं आणि तुला त्याच चढावरून न्यायचं. तोच जीपवाला पुढं असावा, अशी देवाकडं इच्छाही धरली होती. पण काम वाढलं. आज येते, उद्या येते, असं करत फाल्गुन उजाडला. आले तेव्हा टाकीत चांगलं पेट्रोल होतं आणि तू बाजेवर होतास. मी म्हटलं, "चल बाबा, एक चक्कर मारू. उचलून बसवते." तू उठायचा प्रयत्न केलास, दोन्ही हात टेकवलेस, आणि परत आडवा झालास. "आज नको. पुढल्या खेपेला." पुढली खेप झाली ती तुझ्या दहाव्याला.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. शनिवार-रविवारी जव्हारकडं गाड्या पळवायला जाणारी गिऱ्हाइकं येतात. मी प्रत्येक गाडीत दोन मॅप भरते, म्हणजे ठिणगी कधी आणि हवा किती हे इंजिनाला सांगणारे दोन हिशेब. एक कडक, चांगल्या पेट्रोलचा, आणि एक मवाळ, कुठल्याही पंपावरच्या पेट्रोलवर बिनघोर चालणारा. बटण दाबलं की बदलतो. ते म्हणतात, मॅडम, दुसरा कशाला, आम्ही बघून भरू. मी म्हणते, कधी कोण काय भरून देईल सांगता येत नाही. ही अक्कल मला तेव्हा असती, तर निदान त्या जीपच्या मागं तरी राहिलो नसतो.

हे कुठं पाठवायचं नाही. पण एक राहिलं. माझी मुलगी विचारते, आजोबा कधी तुझ्या गाडीत बसले होते का? गॅरेजातही गप्पा निघाल्या की कुणीतरी विचारतं. मी सगळ्यांना सांगते की हो, बसले होते, एकदा जव्हारच्या चढावर मी अशी काही गाडी हाणली की माझा बाप, जन्मभराचा ड्रायव्हर, दाराची कडी घट्ट धरून म्हणाला, "पोरी, हळू घे गं." सगळे हसतात. खोटं आहे ते, बाबा. पण इतक्यांदा सांगितलंय की आता तुझी ती मूठ मला दिसायला लागली आहे.