प्रशांतच्या नावावर एकसष्ट

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मेलेल्या माणसाची जागा भरलेली म्हणायची की रिकामी? बाबांनी जेवताना विचारलं. घरात पहिली ग्रॅज्युएट मी, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. 

प्रश्न नदीममुळे निघाला. अजमानच्या ज्या कंपनीकडून तो खेळायचा, तिने टीमच बंद केली. म्हणजे तिकडच्या लीगमधला सगळ्यात भारी बॅट्समन मोकळा. आमच्या खाडी इलेव्हनकडून खेळायला तयार आहे. देसाईकाका, आमच्या टीमचे मॅनेजर, त्याला स्वतःच्या ऑफिसात नोकरीही देतायत. पण आमच्या लीगच्या यादीत पंधराच नावं चालतात आणि आमची पंधरा पूर्ण आहेत. पंधरावं नाव प्रशांतचं.

प्रशांत चार तासांवरच्या रुवैसला रिफायनरीत होता. दर रविवारी पहाटे अडीचला निघून शारजात खेळायला यायचा. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी निघाला तो पोचलाच नाही. हायवेवर ट्रक. त्या सकाळी टॉस झाला तेव्हा बाबांनी स्कोअरबुकात बाराव्या ओळीवर लिहून ठेवलं होतं : ‘प्रशांत – वाटेवर.’ तेव्हापासून प्रत्येक मॅचला तेच लिहायचे. गेल्या वर्षी बुक माझ्याकडे आलं (“शिकलेली आहे, अक्षर चांगलं आहे”), आता मी लिहिते. लीगच्या स्कोअर ॲपवरही बारावा म्हणून नाव टाकते. पहिल्यांदा लिहिताना बरं वाटलं होतं. आपली माणसं विसरत नाहीत, असं काहीतरी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून युद्ध. कामं सोडून सगळे टाइप करतायत.

मेनेझिस अंकल (वसईचे, हॉटेलात फ्रंट ऑफिस, खेळत नाहीत पण एक मॅच चुकवत नाहीत) ठाम विरोधात : “आज आपल्याकडे, उद्या शेजारी. स्टार माणूस म्हणजे भाड्याचा फ्लॅट. खिळा मारायचा नाय त्यात.”
दे. काका : “अंकल, गेल्या सीझनला आपण आठपैकी आठवे होतो. खिळा मारायला भिंत तरी आहे का?”
कुणीतरी लिहिलं, सावंतचं नाव काढा, तो तसाही कॅच सोडतो. सावंत ग्रुपमध्येच आहे. त्याने फक्त अंगठा टाकला.
प्रशांतचं नाव काढा, असं मात्र कुणी लिहिलं नाही. दिवसभरात दोनशेवर मेसेज, आणि ते एक वाक्य सगळे वळसा घालून चुकवतायत.

संध्याकाळी खाडीकाठी कमिटी बसली. मी पण गेले. अर्ध्या तासात तोड निघाली. दे. काका : “नाव राहील, माणूस खेळेल. प्रशांतच्या नावावर नदीम. अंपायर डोकी मोजतो, थोबाडं बघत नाही. खलास.”
मी म्हटलं, हे खोटं आहे.
बाबा म्हणाले, “खोटं कशाला? नाव तर खरंच आहे ना यादीत.”
सगळे माझ्याकडे बघत होते. पेन माझ्या हातात असतं. मी “ठीक आहे” म्हटलं. का म्हटलं?

रविवार, ९ नोव्हेंबर

जिंकलो. नदीमने एकसष्ट केल्या, चाळीस चेंडूंत. टेनिस बॉल दोनदा रस्त्यापलीकडे गोडाऊनवर. समोरच्या टीमला संशय नको म्हणून आपले लोक बाहेरून ओरडत होते, “मार पशा! शाब्बास पशा!” आधी हसत होते. दहाव्या ओव्हरनंतर कुणी हसत नव्हतं. मेनेझिस अंकल चष्मा काढून बसले होते.

बुकात बारावी ओळ आज रिकामी. प्रशांत चौथ्या नंबरवर. मी लिहिलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

हमरियाला ऑफिसच्या बसमध्ये असतानाच फोन आला. वेंगुर्ल्याहून, प्रशांतची आई. वर्षश्राद्धाला मी एकदा फोन केला होता, तो नंबर त्यांनी ठेवलाय.

“गो बाय, पशान काल एकसष्ट केल्यान मां?”

पुतण्याने त्यांच्या मोबाइलवर ॲप घालून दिलंय. दर रविवारी बाराव्या जागेवर मुलाचं नाव बघतात, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. काल धावा झाल्या तसा मोबाइल वाजत राहिला म्हणे.

मी म्हटलं, काकू, ते, म्हणजे नाव फक्त. त्यांनी ऐकलं नाही. आवाजात रडणं अजिबात नव्हतं. म्हणाल्या, “तो दोन वर्सां वाटेर होतो. पोचलो एकदाचो.” वाडीत साखर वाटली म्हणाल्या.

बस फ्री झोनच्या गेटात शिरली तरी मी फोन कानालाच धरून होते. पलीकडून कधीच बंद झाला होता.

रविवार, १६ नोव्हेंबर

पुन्हा जिंकलो. नदीम चव्वेचाळीस.

पाण्याच्या वेळी बॅटिंग ऑर्डर विचारायला त्याला हाक मारली. “नदीम.” दहा पावलांवर उभा. “नदीम!” नाही. तिसऱ्यांदाही नाही. मग का कोण जाणे, हळूच म्हटलं, “प्रशांत.” लगेच वळला.
तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला.
“सवय होते ना ताई,” म्हणाला. दोन रविवारांत?

वेंगुर्ल्याहून फोन आला. घेतला नाही. लाज वाटते आहे हे लिहायला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नदीम मूळचा खेडचा. दे. काकांच्या ऑफिसात आता स्टोअर बघतो. तिथल्या एका कंसाइनमेंटच्या कागदांसाठी आमच्या ऑफिसात आला होता. चहा घेतला. स्वभावाने साधा आहे, स्टार वगैरे काही नाही.

म्हणाला, “मी ग्राउंडपासून दहा मिनिटांवर राहतो. तरी रविवारी उठलो की वाटतं, फार लांबून जायचंय, उशीर होणार. चार वाजताच अंघोळ करून बसलेला असतो. पूर्वी मला उठवायला लागायचं.”
मी विचारलं, प्रशांतबद्दल कुणी काही सांगितलंय का तुला?
“फक्त नाव. सगळे मला बघून गप्प होतात, तर विचारणार कोणाला?”

मी विचार करणारी मुलगी आहे. चार लोक चार रविवार एखाद्याला एका नावाने हाका मारतात, तो ते नाव होऊ लागतो, एवढंच. याला नाव असेल मानसशास्त्रात. तरी दुपारी डेस्कवर त्याचा रिकामा कप उचलायला नको वाटला.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज नदीम नव्हता. व्हिसाची मेडिकल झाल्यापासून ताप, खोलीवर झोपून. बारावी ओळ पुन्हा पूर्वीसारखी लिहिली : ‘प्रशांत – वाटेवर.’ मला उलट हलकं वाटलं. मॅच थोडक्यात जिंकलो.

मॅचनंतर दोन्ही टीमचे स्कोअरर बुकं ताडून पाहतो; समोरच्यांचा स्कोअरर शिबू. त्यांच्या आठव्या विकेटपुढे त्याने लिहिलंय : झेल – प्रशांत. माझ्याकडे झेलापुढे जागा कोरी. त्या वेळी उन्हाकडे तोंड होतं, डीपला कोण होतं दिसलं नाही, नंतर विचारू म्हणून सोडली होती.
“मैंने पूछा ना चिल्लाके, नाम क्या है,” शिबू म्हणाला. “उसने खुद बोला.”
दिसायला कसा होता?
“धूप में था. तुम्हारा जर्सी था. बस.”

सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला वाटतंय दुसऱ्याने घेतला. सावंत म्हणाला, “मी असतो तर सुटला असता.” हसले सगळे. बाबा हसले नाहीत. बॅटी गाडीत भरत राहिले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

बाबांनी आज स्वतःहून सांगितलं. मी चपात्या लाटत होते, ते दारात उभे. त्या पहाटे प्रशांतने फोन केला होता, फार झोप आलीय, आज राहू दे का? बाबा त्याला म्हणाले, “अकराच जण आहेत रे, बारावा हवाच, यल्ला, चल, ये. गाडी जरा पळव.”
दोन वर्षांत हे कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.
“त्याचं नाव यादीत आहे तोवर मला वाटतं, तो अजून येतोय.”

चपाती करपली. वीस वर्षं हमरियाच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून या माणसाने मला शिकवलं, आणि आता मी त्याच्याकडून हेसुद्धा काढून घेऊ?

रविवार, ३० नोव्हेंबर

नदीम परत आला. बहात्तर. जिंकलो. पण मोठी गोष्ट वेगळी : सावंतची कायमची बदली झाली, तो भारतात चालला. म्हणजे यादीत खरीखुरी जागा मोकळी. मी तिथेच ग्राउंडवर दे. काकांना म्हटलं, आता नदीमचं नाव घालू या. उद्या पत्र देते लीगला.

ते माझ्याकडे मी शिवी दिल्यासारखे बघू लागले.
“चाललंय ते चालू दे ना. जिंकत असताना आपण खुर्ची तरी बदलतो का?”
मेनेझिस अंकल, जे त्याला घ्यायच्याच विरुद्ध होते : “नदीमला कुणी ओळखतो काय, बेटा? पशा फॉर्मात हाय. पशाला कशाला हलवतेस?”
बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सुशिक्षित माणसं, एक तर बँकेत मॅनेजर. सेमीफायनलनंतर बघू, इन्शाल्ला. नदीम तीन हातांवर पॅड सोडत बसला होता, त्याला कुणीच विचारलं नाही. आधी त्याला टीममध्ये घ्यावं की नाही यावर एवढे भांडले, आणि आता ज्याला आणला तो कुणाला नकोच आहे.

रविवार, ७ डिसेंबर

सेमीफायनल जिंकलो. पंचावन्न नाबाद. ट्रॉफी अजून मिळाली नाही तरी उचलून धरलं त्याला, “पशा, पशा.” वर त्याचा चेहरा मला दिसत होता. हसत नव्हता. खाली उतरवा म्हणत होता बहुतेक, आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

नंतर टेबलापाशी आला. माझं पेन बंद होईपर्यंत थांबला.
“ताई, एक विचारू? माझी आई पण ॲप बघते, खेडला. म्हणते, तुला खेळवत नाहीत का रे तिकडे? मी सांगतो, खेळतोय, रन पण होतात. ती म्हणते, मग तुझं नाव कुठाय?”
मग म्हणाला, “काल म्हणाली, खरं सांग, तू आहेस ना रे तिकडे नीट? व्हिडिओ कॉल लाव. लावला. बराच वेळ बघत राहिली.”

मी बुक मिटलं. घरी आल्यावर परत उघडलं, ९ नोव्हेंबरपासूनची पानं काढली. अक्षर माझंच आहे. सुबक आहे. कुठे खाडाखोड नाही, तेच जास्त वाईट वाटलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

लंच टाइममध्ये वेंगुर्ल्याला फोन केला. लीगला मेल करायच्या आधी हा फोन करायचा, हे रात्रीच ठरवलं होतं.

सगळं सांगितलं. काकू, त्या धावा नदीमच्या. नाव आम्ही वापरलं. लिहिलं मी. माझी चूक.
पलीकडे कोंबड्यांचा आवाज.
मग म्हणाल्या, “त्येका आवस हा?”
आई आहे. खेडला.
“तिका ठावक आसा, झील खेळता ता?”
म्हटलं, मुलगा सांगतो, पण नाव दिसत नाही म्हणून त्यांना पटत नाही.
“मगे आधी तिका सांग गो. माका कित्याक सांगतंस?” रागावून म्हणाल्या. मग एकदम हळू : “झेल पण त्याचोच?”

शिबूच्या बुकातला झेल. तो त्यांनी कसा पाहिला? ॲपवर शिबूने टाकला असेल. मी म्हटलं, त्या दिवशी नदीम आजारी होता, झेल कुणाचा ते मला माहीत नाही. “बरा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. बरं कशाला म्हणाल्या?

नदीमच्या आईचा नंबर त्याच्याकडून घेतला, त्यांच्याशी बोलले. त्या चारही डावांच्या धावा लिहून घेत होत्या, प्रत्येक आकडा दोनदा विचारून.

मग लीगच्या सेक्रेटरींना मेल. चार डाव, तारखांसकट, नदीमचे. यादीतून प्रशांतचं नाव कमी करावं, नदीमचं घालावं. २३ तारखेच्या झेलाची मला माहिती नाही, तो मी ना कुणाच्या नावावर घालत आहे ना काढत आहे. नोंदी मी केल्या, जाणूनबुजून केल्या. चारही मॅचचे निकाल रद्द होतील. फायनल जाईल. नदीमलाच बंदी घातली तर? त्याला मेल वाचून दाखवली होती. “पाठवा,” म्हणाला, “नाव तरी येईल कुठेतरी.” देसाईकाका त्याला नोकरीवर ठेवतील का, तेही माहीत नाही.

बाबांना आज घरी यायला उशीर आहे. ग्रुपवर फायनलच्या जर्सीवरून चर्चा चालली आहे, अजून कुणाला काही कळलेलं नाही. मेल दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी गेली. बाबांना कॉपी ठेवली आहे.