व्हरांड्यात बसवलेला बाप

बाबा, मागच्या महिन्यात मी एका बापाला खोलीबाहेर बसवलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. शिवाय मी लिहितेय ती ठिपक्यांची लिपी तुम्हाला येत नव्हती. हे कुठे पोचायचं नाही हे मला कळतं, तरी लिहिते.

रिसोडचं आपलं कापडाचं दुकान अजून माझ्या बोटांत आहे. माझे डोळे जन्मापासून अधू, ते हळूहळू गेले. कान एका तापात गेले. शाळा सुटली तेव्हा तुम्ही मला गादीवर शेजारी बसवलंत. माझा तळवा मांडीवर घेऊन त्यावर बोटानं एकेक अक्षर काढायचात आणि मी तोंडानं उत्तर द्यायचे. पॉपलीन कोणतं, केंब्रिक कोणतं, हे मी चिमटीत धरून सांगते आणि तुम्ही पाठीवर थाप देता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून आई निरोप धाडते, आणि तुम्ही मला खांद्याला धरून घरात नेता. एकदा मी एकटीच भिंतींना हात लावत मंदिरापर्यंत गेले. तुम्ही धावत आलात आणि तिथेच पायरीवर माझ्या तळव्यावर लिहिलंत, 'परत नाही.' नख रुतलं होतं. तुम्हाला धाप लागली होती, ती माझ्या कपाळावर येत होती.

आणखी एक दिवस आहे. दुकानात कुणीतरी आलं होतं. अनोळखी तेलाचा वास, आपल्या घरातून आलेल्या चहाच्या जास्तीच्या बश्या, पण एकही ठाण उलगडलेलं नाही. मी विचारलं, "कोन आलं होतं?" तुम्ही तळव्यावर लिहिलंत, 'गिऱ्हाईक.' तुम्ही वारल्यावर आईनं सांगितलं की त्या एका संस्थेच्या बाया होत्या. माझ्यासारख्यांना वाचायला आणि काठी घेऊन एकटं चालायला शिकवायच्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "तिले काय पाह्यजे ते मले मालूम हाय. तिले घराबाहेर करमत नाही." पुढे मी आईला त्यांचा पत्ता शोधायला लावला आणि तिशी उलटल्यावर शिकले. आता एकटी एसटीनं वाशिमला जाते. कंडक्टरला थांबा आधीच सांगून ठेवते, तो उतरताना खांद्यावर बोट टेकवतो.

वाशिमला आमची एक संघटना आहे, डोळे आणि कान दोन्ही नसलेल्या माणसांची. पूर्वी ती दिसणारी-ऐकणारी भली माणसं चालवायची आणि आम्ही सतरंजीवर बसून खाऊ घ्यायचो. आता मत फक्त आमचं. घरच्यांनी बैठकीच्या वेळी बाहेर बसायचं, असा नियमच केला. दुभाषी बाई असतात, त्या बोललेलं सगळं तळव्यावर लिहितात आणि स्वतःचं काही घालत नाहीत. यंदा सगळ्यांनी मला अध्यक्ष केलं. 

मागच्या महिन्यातल्या बैठकीला धनजहून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी विशीतली. जन्मापासून ऐकू येत नाही, बहिऱ्यांच्या शाळेत अक्षरं शिकली, मग दिसणंही गेलं. दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहात राहून शिकायला जायचं का, एवढंच आम्हाला तिला विचारायचं होतं. पहिलीच वेळ म्हणून बापालाही आत बसू दिलं होतं, पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर त्यांचंच. तिचा हात त्यांच्या मुठीत. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, तुमी जरा बाहेर व्हरांड्यात बसा. तिले बोलू द्या."

दुभाषी बाईंनी त्यांचं उत्तर जसंच्या तसं माझ्या तळव्यावर उतरवलं. "वीस वर्सं मी सांभाळली. तुमी तिच्या कोन लागता?"

ते उठून बाहेर गेले. मुलगी शेजारची रिकामी खुर्ची चाचपू लागली. मी तिचा हात धरला, तो घामानं भिजला होता. 'बाबा बाहेर आहेत,' मी लिहिलं. तिनं हात सोडवून घेतला, पुन्हा खुर्ची चाचपली. मला वाटलं, हिला होता तेवढा एक हात मीच काढून घेतला. नियम आमचा, आणि चाचपडतेय ही. त्यांना परत बोलवावं असं माझ्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात तिचं बोट माझ्या तळव्यावर आलं.

'बाबा घाबरले?'

'हो.'

मग हळूहळू, शाळेतल्यासारखी नीट अक्षरं काढत लिहिते, 'मी जाते शिकायला. त्यांना मी सांगते.'

त्यांना आत बोलावलं. त्यांना तळव्यावरची अक्षरं येत नाहीत, बापलेकींच्या घरच्याच चार खुणा. दुभाषी बाई मला सांगत होत्या: तिनं बापाचा हात धरून गदागदा हलवला, म्हणजे एसटी. मग स्वतःच्या छातीवर ठेवला. मग त्यांच्या गुडघ्यावर ठेवून दोनदा दाबला, म्हणजे इथं बसून राहा, मी येते. शेतात जाताना ते रोज तिला हीच खूण करायचे. ते म्हणाले, "बिमार पडली त कोनाले सांगन?" मी म्हटलं, "तिथं शिकवतात त्या बायांले सांगन." माझी खात्री नव्हती.

मागच्या सोमवारी त्यांनीच तिला पोचवलं. बुधवारी वसतिगृहातून निरोप आला. फोनला जोडलेल्या पट्टीवर ठिपके उठतात, ते मी वाचते. मुलगी आल्यापासून जेवत नाही, ताट सारते, आणि तिचं म्हणणं आहे की बाबांना सांगू नका. मी पट्टीवरून बोट पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. त्याच दुपारी मी वाशिमला असताना दुभाषी बाईंच्या फोनवर धनजहून फोन आला. ते विचारत होते, "जेवून राह्यली ना?" अशा वेळी काय म्हणायचं हे आम्हीच ठरवलेलं आहे: तिची खबर तिची आहे, तिला वाटेल तेव्हा ती देईल. मी स्वतः हे वाक्य इतर बापांना ऐकवलं आहे. पण फोनच्या त्या टोकाला तो माणूस उभा असेल, कुठे, शेतात की घरात, ते मला दिसत नव्हतं आणि त्याचा श्वासही ऐकू येत नव्हता. बाईंनी माझ्या तोंडाशी धरलेल्या फोनात मी म्हटलं, "हो भाऊ, जेवून राह्यली."

आज सकाळी पुन्हा निरोप आला. काल तिनं ठेचा मागितला आणि भाकरी खाल्ली. राहीन म्हणते. म्हणजे मी सांगितलं ते आता खरं झालं आहे. पण सांगितलं तेव्हा ते खरं नव्हतं. नंतर मी दुभाषी बाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी लिहिलं की बोलताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही.