निळी वायर

वॉर्सा, मंगळवार संध्याकाळ

अजून डोकं सुन्न आहे. आयटी सपोर्टच्या नोकरीसाठी मी इथं आल्यापासून पलूसच्या घरचं इंटरनेट रोज बंद पडतंय. वडील, म्हणजे आबा, मोबाइलवरनं फोन करतात, मी सांगतो, राउटरच्या मागची निळी वायर बघा. फौजेतनं रिटायर झालेला माणूस, एरवी "बरा हायस न्हवं?" एवढं विचारून फोन आईकडं देणारा. पण वायर शोधताना अर्धा तास बोलतात.

आज ते वायर बघायला गेले तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "आरं, वायर त्येच काढत्यात. फोन लावायच्या आदी."

आबा? स्वतः? दिवसभर लोकांचे बिघाड शोधणाऱ्या मला हे कसं कळलं नाही?

आबा परत आले. "निळी वायर काय घावंना रं."

"घावंल. सावकाश बघा आबा, मी हाय."